बाकावरचा बचावपटू

आमचा मुलगा कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेला आणि त्याची खोली रिकामी पडली. त्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिल गावातल्या एका फुटबॉल क्लबाने खेळाडूंसाठी घरं शोधायला सुरुवात केली. सुट्टीत कॉलेजची मुलं या क्लबाकडून खेळतात, आणि जी परदेशातून आलेली असतात त्यांना एखादं कुटुंब आपल्याकडे ठेवून घेतं. बायकोने मला न विचारताच आमचं नाव दिलं.

"घरात कुणी असलं की तुलाही बरं वाटेल," ती म्हणाली.

मला बरं वाटायची गरज का होती, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. वसंतात माझी नोकरी गेली होती. इतकी वर्षं ज्या कंपनीत काढली, तिथून एका व्हिडिओ कॉलवर निरोप मिळाला. मुलाला सांगितलं नव्हतं, नागपूरला आईला नाही, इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांना तर नाहीच. आमच्याच गल्लीत दोन मराठी घरं होती, म्हणून मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन गाडी काढायचो आणि लायब्ररीत जाऊन बसायचो. संध्याकाळी शिकागोहून ऑफिसवाल्यांची ट्रेन येते त्या सुमाराला घरी परतायचो.

आमच्याकडे आलेला मुलगा इटलीचा होता. विशीतला, उंच, फार कमी बोलणारा. तो येण्याआधीच मी इंटरनेटवर त्याच्याबद्दल सगळं वाचून काढलं होतं. लहानपणीच एका मोठ्या क्लबाच्या अकादमीत निवड, मग देशाच्या कुमार संघात, तिथे कर्णधार. तिथल्या वर्तमानपत्रांनी उद्याचा मोठा बचावपटू म्हणून त्याचे फोटो छापले होते. मग गुडघा गेला. ऑपरेशन, खालच्या श्रेणीतल्या संघात रवानगी, आणि शेवटी करार संपला. अमेरिकेत तो शिष्यवृत्तीवर शिकायला आला होता.

बायकोने त्याला पहिल्याच दिवशी 'काका' आणि 'काकू' शिकवलं. मागच्या अंगणात एकदा त्याने मला बचाव समजावून सांगितला. "काका, चेंडूकडे बघू नका. समोरच्याच्या कमरेकडे बघा. पाय फसवतात, कंबर फसवत नाही." आणि मी चेंडू घेऊन त्याच्या बाजूने निघायचा प्रयत्न केला, तर तो न धावता, नुसता एक पाऊल सरकून मला आडवा आला. मला हसू आलं. तोही हसला. त्या दिवशी मला वाटलं, याचं काहीच गेलेलं नाही.

पण सामने सुरू झाले आणि तो बाकावरच राहिला. प्रशिक्षकाने मला एकदा सांगितलं, गुडघा बरा झालाय, पण वळायची वेळ आली की तो मनातल्या मनात थांबतो. तेवढ्यात समोरचा खेळाडू निघून जातो.

रविवारी सकाळी त्याच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल यायचा. ते तिकडे बस चालवायचे. ओट्याशी उभं राहून तो बोलायचा, आणि मला इटालियन येत नसलं तरी तो काय सांगतोय ते कळायचं. हात हलवून तो न खेळलेल्या सामन्यात चेंडू कसा अडवला ते दाखवायचा. त्यानंतर थोड्या वेळाने आईचा नागपूरहून फोन यायचा.

"ऑफिस बरं चाललंय ना रे?"

"हो गं. काम खूप आहे सध्या."

एका रविवारी मी फोन ठेवला तेव्हा तो तिथेच कॉफी पीत उभा होता. इंग्रजीत, अगदी हळू म्हणाला, "काका, 'ऑफिस' एवढं कळलं मला. मी दुपारी लायब्ररीत अभ्यासाला येतो. तुम्हाला बघितलंय मी."

मला मान वर करता येईना. माझ्या मुलापेक्षा थोडाच मोठा पोरगा, आणि त्याच्यासमोर मी इस्त्रीचा शर्ट घालून उघडा पडलो होतो. मी रागावून काहीतरी बोलावं असं वाटलं. तो म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही." आणि मग, "तुम्हीपण सांगू नका." आम्ही दोघांनी मिळून काहीतरी चोरलं असावं, तसं ते वाटलं.

जुलैच्या शेवटी त्याचे वडील आले. मुलगा प्रत्येक सामन्यात खेळतोय म्हटल्यावर त्यांनी रजा काढली होती. विमानतळावरून त्यांना थेट मैदानावर न्यायचं काम माझ्याकडे आलं. ठेंगणे, जाडसर गृहस्थ, अंगात नवा कोट. तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांनी गाडीत विचारलं, "मुलगा चांगला खेळतो?"

खरं सांगायला अख्खा रस्ता मोकळा होता. मी म्हणालो, "हो. फार चांगला."

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. संघ आत आला. वडिलांनी एकेक चेहरा बघितला, मग बाकाकडे बघितलं. मुलगा तिथे गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. त्याने एकदाही आमच्याकडे वळून पाहिलं नाही. मध्यंतर झालं. पुन्हा खेळ सुरू झाला. आमच्या संघाचा एक बचावपटू लंगडत बाहेर आला, तेव्हा वडील अर्धवट उठले. प्रशिक्षकाने दुसऱ्याच एका मुलाला पाठवलं. वडील खाली बसले आणि त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला.

सामना संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही 'हो' का म्हणालात?"

आजूबाजूला लोक हसत-बोलत उतरत होते. मी म्हणालो, "माझी नोकरी गेलीये. मी आईला दर रविवारी खोटं सांगतो. त्याचं खोटं माझ्या तोंडून सहज गेलं."

बायको सोडून मी हे पहिल्यांदा कुणाला सांगत होतो, आणि तेही अशा माणसाला, ज्याला मी दोन-तीन तासांपूर्वी फसवलं होतं. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. "गावात सगळ्यांना सांगून आलोय," ते म्हणाले. "आता परत गेल्यावर काय सांगू?" मग खाली उतरून मुलाजवळ गेले. मुलगा काहीतरी बोलू लागला, तर त्यांनी त्याच्या हातातली बॅग घेतली आणि गाडीकडे चालू लागले.

जाताना त्यांनी बायकोचे आभार मानले, माझ्याशी नुसता हात मिळवला. मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजला परतला. त्याने खेळ सोडला नाही, पण आता कॉलेजच्या संघात तो कधी खेळतो, कधी नाही. मागे फोनवर म्हणाला, वडील विचारतात आणि तो खरं सांगतो. खरं ऐकल्यावर वडील लवकर फोन ठेवतात.

मी त्या सामन्याच्याच आठवड्यात आईला सांगितलं. तिने नोकरी कशी गेली ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "बरं. पण इथे कुणाला बोलू नकोस. तुझ्या काकूने विचारलं तर मी सांगेन, प्रमोशन झालंय म्हणून वेळ मिळत नाही."

मी तिला नको म्हणायला हवं होतं. "ठीक आहे" म्हणालो.

आता मला एक कंत्राटी काम मिळालंय, आधीपेक्षा बरंच खालचं. गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या नागपूरच्या काकूच्या ओळखीच्या एका बाईंनी प्रमोशनबद्दल माझं अभिनंदन केलं. बायको शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी त्या बाईंना थँक्यू म्हणालो.