मेधाताईचे वाळूतले खांब

मेधाताई गेली. आणि मला तिचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही.

ती नाशिकमध्ये, मी सौदीत, दम्माममध्ये. नवऱ्याच्या कंपनीत आमच्या इकाम्याचं, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचं, रिन्यूअल अडकलंय. इकामा नाही तर देशाबाहेर जाऊन परत यायचा एक्झिट री-एंट्री व्हिसा नाही. सकाळपासून फोन केले. सगळे म्हणाले, "बुकरा."

बुकरा म्हणजे उद्या. उद्या जाऊन मी काय करू?

इथल्या बऱ्याच जणांना ती फक्त "डेझर्ट क्लबवाली मॅडम" म्हणून माहीत होती. माझी ती शेजारीण. तिचे यजमान प्रकाशराव एका काँट्रॅक्टर कंपनीत मेंटेनन्स इंजिनियर. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा ताई पन्नाशीला आली होती. तरी लायसन्स काढलं, जुनी फोर बाय फोर घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात मला घेऊन वाळूत शिरली.

अर्थातच आम्ही अडकलो.

वारा सुटला, आमच्याच टायरच्या खुणा पुसल्या गेल्या. कुठून आलो तेच कळेना. मी रडायला लागले होते. ताई पाण्याच्या बाटल्या सीटवर मांडून बघत होती, किती पुरतील.

आम्हाला बाहेर काढलं युसुफभाईंनी. मूळचे श्रीवर्धनचे, दम्माममध्ये गॅरेज. वाळूत कोणी अडकलं की लोक त्यांनाच फोन करायचे.

गाडी ओढून झाल्यावर ताईने त्यांना विचारलं, इथे वाटेवर खुणा का नाहीत?

"बाय, वाळूत खुणा टिकतात कुठं? एक शमाल आला की खलास."

"मग परत लावायच्या."

असा आमचा क्लब सुरू झाला.

पांढरे प्लॅस्टिकचे पाइप, वर चमकणारी पट्टी. डांबरी रस्त्यापासून मोठ्या टेकाडांपर्यंत आणि परत. शमालचा वारा आला की निम्मे गाडले जायचे. शुक्रवारी सकाळी जायचं, फावड्याने मोकळे करायचे, पुन्हा उभे करायचे.

सगळं काम फुकट, पण पाइप फुकट मिळत नाहीत. डिझेल, वॉकी-टॉकी, दोरखंड, फर्स्ट एडचं सामान. एक टायरवाला थोडी मदत करायचा, त्याच्या बदल्यात आमच्या टी-शर्टवर त्याचं नाव. बाकी मेंबरशिप. तीही मागून मागून. दिवाळीत ताई चकल्या तळून विकायची आणि सरळ सांगायची, "या खांबांसाठी आहेत, महाग आहेत, घ्या." वाळवंटातल्या कामाच्या परमिटवर युसुफभाईंच्या कफीलने, म्हणजे त्यांच्या सौदी स्पॉन्सरने, स्वतःचं नाव दिलं होतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभराच्या वर लोक. सनसेटच्या फोटोला सगळे हजर. फावडं धरायला सहा-सात.

ताई कधी कोणावर चिडली नाही. नुसती म्हणायची, येतील, त्यांच्यापैकी कोणी अडकलं की येतील.

आणि खरंच यायचे.

मग एकामागून एक सगळं सुटत गेलं.

टायरवाल्याने हात वर केले. प्रकाशरावांचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. त्याच महिन्यात ताईच्या पोटदुखीचं निदान झालं, पॅनक्रियाजचा कॅन्सर. नोकरी गेली की इन्शुरन्स गेला, इकामा गेला. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. ट्रीटमेंट सुरू होण्याआधीच सामान बांधायची वेळ आली.

एअरपोर्टवर तिने क्लब माझ्या हवाली केला. मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार होते?

मी शाळेत शिकवते. परमिट, स्पॉन्सर, यातलं मला काही कळत नाही. तरी एक हिवाळा रेटला. मग कफील आजारी पडले, त्यांच्या मुलाला या भानगडीत पडायचं नव्हतं. परमिट संपलं. जुने मेंबर कोणी रियाधला गेले, कोणी कायमचे घरी. शुक्रवारी मी आणि युसुफभाई, दोघंच.

आणि एका शुक्रवारी गेलो तर वाटेच्या मधोमध तारेचं कुंपण. पलीकडे कसलंतरी प्रोजेक्ट. आमचे खांब अलीकडेही आणि पलीकडेही.

मी ताईला व्हिडिओ कॉल केला. तिच्या डोक्याला स्कार्फ होता, आवाज अगदी बारीक. मला वाटलं, वाईट वाटेल तिला. तिने विचारलं, तार गाडीतून लांबून दिसते का?

मी म्हटलं, उन्हात नाही दिसत.

"मग खांब काढून टाक, स्मिता. लोक खांबावर विश्वास ठेवून गाडी घालतील. तारेवर जातील."

इतक्या वर्षांचं काम, आणि ती दमल्या आवाजात मलाच समजावत होती की कुठून सुरुवात करायची. रस्त्याकडून. म्हणजे कोणी आत वळणारच नाही.

अलीकडचे आम्ही काढले. तीन शुक्रवार लागले. युसुफभाईंची कंबर धरली होती, तरी आले.

पलीकडच्यांसाठी गार्डला विनवलं. तो बिचारा नेपाळी, हिंदीत म्हणाला, दीदी, मेरे हाथ में कुछ नहीं है. त्याच्या साहेबांना ईमेल केले. उत्तर नाही.

मागच्या आठवड्यात रिकाम्या वाळूचा फोटो पाठवला. प्रकाशरावांचा मेसेज आला, तिला दाखवला, पण तिला कळलं की नाही ते सांगता येत नाही.

आज दुपारी त्यांनी अमरधाममधून कॉल लावला. मी स्टाफरूममध्ये होते, युसुफभाई गॅरेजमधून जोडले गेले. नेटवर्क सारखं तुटत होतं. एकदा फुलं दिसली, एकदा कोणाचीतरी पाठ. मग प्रकाशराव नुसते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे.

युसुफभाई एवढंच म्हणाले, "माझी बहीण गेली."

मग तास होता. वर्गात गेले, शिकवलं.

ताई, कुंपणाच्या आतले खांब अजून उभे आहेत. मला जमलं नाही.

तुला मनापासून नमस्कार. आता दुखत नसेल, एवढंच धरून बसलेय.

— तुझी स्मिता