वाळीतली दोन वर्षं आणि भैरोबा

देव ऐकतो की नाही, अशी शंका मला पहिल्यांदा आली ती वाळीत पडल्यावर. त्याआधी ऐकायला अख्खं गाव होतं, देवाला त्रास द्यायची वेळच आली नव्हती.

आमचं गाव पेणजवळच्या खारेपाटातलं. खाडी आणि भातशेतीच्या मधे मातीचा बांध. उधाणाआधी घरटी एका माणसानं बांधावर चिखल टाकायला यायचं, ही जुनी रीत. फक्त गावकीचे अध्यक्ष काशिनाथदादा, त्यांच्या घरचं माणूस कधी दिसायचं नाही. मी भर सभेत उठून विचारलं, दादा, तुमच्या शेताला खाडी घाबरते काय? लोक हसले, तिथंच घात झाला. मी बोलले ते दादांनी सोसलं असतं, लोक हसले ते कसं सोसणार? गावापुढे नारळ ठेवून माफी माग, म्हणाले. मी म्हटलं, नारळाची चटणी वाटीन, पण ठेवणार नाय. दुसऱ्या दिवसापासून आम्हा नवराबायकोशी कोणी बोलायचं नाही, आमच्या हातचं पाणी घ्यायचं नाही आणि आम्ही देवळात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

आमच्या ह्यांना आपण वाळीत पडलोय हे कळायलाच महिना गेला असेल. ते आधीही कोणाशी बोलत नसत. हाल झाले ते माझे. मी विहिरीवर गेले की बायकांच्या गप्पा बंद. कोंबड्यांशी तरी किती बोलणार? मग रोह्याला जायची, पुलापलीकडे अष्टमीला लेक दिलीय तिच्याकडे. एसटीत शेजारी कोणीही बसो, कोलाड येईपर्यंत त्याला माझं सगळं घराणं पाठ व्हायचं. लेकही तिसऱ्या दिवशी हळूच म्हणायची, आये, बाबा एकटे असतील गो.

म्हणून राहिला भैरोबा. देवळात बंदी, पण देवळाच्या मागच्या भिंतीला कोणी बंदी घातली नव्हती. रोज तिथं कपाळ टेकवायची आणि बोलायची. रडायचीसुद्धा, खोटं कशाला सांगू. अगदी जीव ओतून मागायची. काय मागायची, तेही आता लपवत नाही. काशिनाथदादाच्या शेतात खारं पाणी घुसू दे. दोन वर्षं हेच, दुसरं काही नाही. भिंतीपलीकडून कधी हूं की चूं आलं नाही.

मग ती नारळी पौर्णिमा. सगळं गाव देवळात, भजन चाललेलं, नंतर खाडीवर नारळ द्यायला निघणार. मी म्हैस बघायला बांधावर गेले होते. भर दुपारचं उधाण. बघते तर बांधाला खांड पडलेली, खेकड्यांच्या बिळांतून माती सुटून पाणी आत येत होतं. आणि कुठं? काशिनाथदादाच्याच शेताच्या तोंडावर. म्हटलं, बाई गं, भैरोबानं ऐकलं की!

गप्प घरी गेले असते तर कोणी बोट दाखवू शकलं नसतं. बोलायचं नाही हा त्यांचाच कायदा. पण नुकतं लावलेलं ते हिरवंगार भात बघितलं आणि माझ्यानं राहवेना. रोप कोणाचंही असो, खारं पाणी लागलं की तीन वर्षं ती जमीन मेली. वर दादांच्या पाठोपाठ सगळ्यांचीच शेतं जाणार. मी लुगडं खोचलं आणि पळत सुटले ती थेट गाभाऱ्यासमोर. भजन थांबलं. देवळात पाऊल टाकायची बंदी तर मोडलीच होती. गावाशी बोलायचीही बंदी, पण देवाशी नव्हती.

"भैरोबा, खांड पडली रे! काशिनाथदादाचं शेत वाचव!"

सगळे दादांकडे बघायला लागले. दादा अध्यक्ष, त्यांनीच कायदा कसा मोडायचा? ते देवाकडे तोंड करून म्हणाले, "देवा, केवढी खांड हाय?"

"देवा, त्यांना सांग, आता हाताएवढी हाय. इचारत बसले तं घराएवढी व्हईल!"

मग टाळ तिथंच टाकून गाव धावलं. चिखलाच्या पाट्या हातोहात जायला लागल्या. माझ्या हातातली पाटी कोणी घेतली, कोणी दिली, कायदा कोणालाच आठवला नाही. दादा स्वतः छातीभर पाण्यात खांडीला पाठ लावून उभे राहिले, ओहोटी लागेपर्यंत. शेत वाचलं. वर आले तेव्हा थरथरत होते, ओठ पांढरे पडलेले. सगळ्यांदेखत माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी दे गो, वहिनी."

मी घरी पळाले आणि कळशी भरून आणली. ते प्यायले, मग बाकीचेही प्यायले. त्यानंतर माफीच्या नारळाची गोष्ट कोणी काढली नाही. आणि बोलायची परवानगी मिळाली त्या घडीला मला, मला हं, एक शब्द सुचला नाही. नुसती रडत पाणी वाढत होते.

ती खांड देवानं पाडली की खेकड्यांनी, मला ठाऊक नाही. दोन वर्षं मी माझ्या मनासारखं व्हावं म्हणून जीव ओतत होते. त्या दिवशी हाकेत मी कुठंच नव्हते, आणि तीच हाक पोचली. तेव्हापासून सगळं त्याच्यावर सोपवलंय. आता देवळात पुढच्या दारानं जाते, पण स्वतःसाठी मागायला उभी राहिले की काही आठवत नाही, दुसऱ्यांचीच नावं तोंडात येतात. त्यात पहिलं नाव काशिनाथदादांचं येतं, हे मात्र मी आमच्या ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही.