चीक, चाटू आणि दिल्लीचं सरकार

त्या वर्षी दिल्लीत कोणाचं सरकार यावं हे प्रताप नगरात, आमच्या अंगणात ठरत होतं. अंगण मात्र रोज मी झाडत होते.

लोकसभेची निवडणूक लागली होती आणि आमच्या घरात दोन पक्ष मुक्कामाला होते. एक माझे यजमान. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि सत्तेवर असलेल्या पक्षाचे कट्टर निष्ठावंत. ही निष्ठा कशातून आली ते मला कधी कळलं नाही. बहुधा मत बदलायचं म्हणजे आधी विचार करावा लागतो, त्या कंटाळ्यातून आली असावी. दुसरा माझा थोरला भाऊ, बापूदादा. भाचीच्या लग्नाच्या तयारीला म्हणून तो खाप्याहून आला होता आणि आल्यापासून व्हरांड्यातल्या खुर्चीतून उठला नव्हता. (तयारी त्याची जोरात चालली होती, पण सरकार पाडायची.)

लग्न आमच्या सुनंदाचं होतं. सासर कामठीचं. साखरपुड्याला आलेल्या विहीणबाईंनी हुंडा नको म्हटलं, मानपान नको म्हटलं, मी मनातल्या मनात त्यांची दृष्ट काढली, आणि तेवढ्यात उठता उठता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे रुखवतात कुरडया पाहतात, बरं का. थोरल्या सुनेच्या माहेरच्या अशा पांढऱ्याशुभ्र होत्या, अजून लोक नाव काढतात."

यापेक्षा त्यांनी स्कूटर मागितली असती तर बरं झालं असतं. स्कूटर परवडत नाही म्हणून सांगता येतं. कुरडया येत नाहीत हे कोणती आई सांगेल?

दादानं घरच्या शेतातला बन्सी गहू आणला होता. त्याच्याकडे उरलेला तेवढाच. बाकी विकून झाला होता. मी तो भिजत घातला, रोज पाणी बदललं, वाटला, पिळला, कापडातून गाळला आणि रात्रभर निवळायला ठेवला. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं तर खाली चीक बसलेला, कवडीच्या दह्यासारखा. मी तो सुनंदाला बोलावून दाखवला. तीही खूश झाली. इथपर्यंत या गोष्टीत एकाही पुरुषाचा संबंध नव्हता.

पुढचं काम एकटीचं नसतं. मोठ्या गंजात पाणी उकळायचं, त्यात चीक ओतायचा आणि लाकडी चाटूनं तळापासून ढवळत राहायचं. घट्ट होत जातो तसा हात भरून येतो, म्हणून पाळीपाळीनं ढवळतात. हात थांबला की चीक तळाला लागतो, आणि तळाला लागला की रंग गेला, वास बसला, संपलं. शेजारच्या मालूताई आणि त्यांच्या जाऊबाई मदतीला येणार होत्या. आल्याही. पण नव्या लुगड्यांत, आणि कुंपणापर्यंतच.

"वहिनी, आम्ही सभेले चाललो. ट्रक आला हाये नं."

"कोणाच्या सभेला?"

"ते नाही विचारलं. उसाचा रस देऊन राहिले म्हणे."

ट्रक आख्ख्या आळीच्या बायका घेऊन गेला. सभेला महिलांची प्रचंड उपस्थिती होती, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. असणारच. आमच्या अंगणातून गोळा केली होती ती.

सुनंदा गच्चीवर खाटांवर धोतरं पसरून, सोऱ्या घेऊन तयार बसली होती. कुरडई गरम चिकाचीच घालावी लागते, तिला खाली बोलावून चालणार नव्हतं. राहिले दोन पक्ष. मी दोघांना व्हरांड्यातून उठवलं आणि अंगणातल्या चुलीपाशी आणून बसवलं.

"हे ढवळायचं. थांबायचं नाही. एवढंच."

"हे काय काम आहे?" यजमान म्हणाले. "ऑफिसात मी बारा माणसं सांभाळतो."

"ती थांबली तर तळाला लागत नाहीत," मी म्हटलं आणि चाटू त्यांच्या हातात दिला.

चीक ओतला आणि पहिली काही मिनिटं ठीक गेली. मग यजमान ढवळता ढवळता म्हणाले, "काही म्हणा बापूसाहेब, येणार आम्हीच. चौकापर्यंतच्या भिंती पाहा. सगळ्या आमच्या."

"भिंती मत देत नाईत, जवाईबापू," दादा म्हणाला. "खाप्याच्या बाजारात जाऊन पाहा. मानूस तोंड उघडून नाई राहिला. मानूस गप झाला का समजाचं, सरकार गेलं."

"लोक गप आहेत कारण समाधानी आहेत."

"समाधानी? रेशनचा गहू पाह्यला काय तुमी? कोंबडीनं मान फिरवली आमच्या."

चाटू थांबला होता. मी ओरडले, तो फिरला, पुन्हा थांबला. तेव्हा मी एक नियम केला. अजूनही मला वाटतं, नियम चांगला होता. जो बोलतोय त्यानं चाटू समोरच्याला द्यायचा. ऐकणाऱ्यानं ढवळायचं.

कोणी ऐकतच नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही! दोघंही एकदम बोलत होते आणि चाटू गंजात नुसता उभा होता, अपक्ष उमेदवारासारखा. मी नियम उलटा केला: बोलेल त्यानंच ढवळायचं. तर बोलताना हातवारे लागतात. यजमानांनी गरिबी हटवायला हात वर केला आणि चिकाचा गोळा तुळशी वृंदावनावर जाऊन बसला. दादानं शेतकऱ्याची व्यथा मांडली ती माझ्या पदरावर.

वास आला म्हणून घाटोळे आले. हे आमच्या आळीतले कार्यकर्ते. कोणत्या पक्षाचे, ते निकाल लागल्यावर सांगत. गरम चीक दूध-साखर घालून छान लागतो हे त्यांना माहीत होतं. वाटी ते घरूनच घेऊन आले होते.

"चालू द्या, चालू द्या," ते पायरीवर बसत म्हणाले. "आमी ऐकून राहिलो."

श्रोता मिळाल्यावर काय विचारता. यजमान आता जमिनीच्या सिलिंगवर आले. "जास्तीची जमीन काढून घ्यायलाच पाहिजे. त्याशिवाय समाजवाद येत नाही."

"काढा ना, माहीच काढा पह्यले," दादा म्हणाला. "मंग गहू कोन पिकवन? हेडक्लार्क?"

"तुमची कुठून काढणार? तुमच्या नावावर आहेच काय? अर्धी वहिनींची, अर्धी पोरांची आणि उरलेली मारुतीची."

"मारुतीच्या नावावर चार एकर हाय. काहून, देवाले खायाले नाई लागत?"

"देवाच्या नावानं खातं कोण?"

घाटोळेंनी दोघांनाही मान डोलावली. त्यांची मान दोन्ही बाजूंना सारखीच डोलते.

एवढं सगळं होऊनही चीक ठीक होता, कारण मधल्या मधल्या वेळात मीच चाटू हिसकावून ढवळत होते. पारदर्शक व्हायला आला होता. आणखी थोडा वेळ, आणि गंज गच्चीवर न्यायचा. अशा वेळी घाटोळेंनी विचारलं, "या टायमाले बायांचं मत कुठं जाईन, सांगा बरं."

"कुठं जाईल?" यजमान म्हणाले. "नवरा सांगेल तिकडे."

"हे मातर खरं हाय," दादा म्हणाला.

आल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते यावर. माझ्या हातात तेव्हा चाटू होता. तो मी गंजातून बाहेर काढला.

"नवरा सांगेल तिकडे?" मी म्हटलं. "नवऱ्याला स्वतःचा बनियन कुठे आहे ते बायको सांगते. तो तिला देश कुठे चाललाय ते सांगणार?"

घाटोळे म्हणाले, "वा."

ते 'वा' म्हणाले नसते तर मी बहुधा थांबले असते. पण आयुष्यात मला कोणी 'वा' म्हटलेलं नव्हतं. मी रेशनच्या रांगेवर बोलले. रॉकेलवर बोलले. दारूबंदीच्या बाजूनं बोलणारे सभा संपल्यावर कुठे जातात, त्यावर नावानिशी बोलले (घाटोळेंनी वाटी खाली ठेवली). हुंडाबंदीचा कायदा करणाऱ्यांच्या मुलांच्या लग्नात काय काय आलं, त्याची यादीच म्हटली. निवडून आलेल्या प्रत्येकाला खुर्चीवर बसवण्याआधी महिनाभर आमच्या नळावर बादली घेऊन उभं करा, असा ठराव मांडला. रस्त्यानं जाणारे दोघे सायकली थांबवून फाटकाशी उभे राहिले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिघंही पुरुष निमूट ऐकत होते. माझं बोलणं या घरात इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं. मी चाटू आणखी उंच धरला.

"आई," गच्चीवरून सुनंदा म्हणाली, "कसला वास येतोय?"

कसला येणार?

मी चाटू गंजात घातला तो तळाशी खरवडल्यासारखा लागला आणि खालून तपकिरी पापुद्रे वर आले. पावसाळ्यात कन्हान नदीच्या पाण्याला येतो तो रंग सगळ्या चिकाला चढला. विहीणबाईंच्या थोरल्या सुनेचं माहेर माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, पांढरंशुभ्र.

"तुम्हाला ढवळायला बसवलं होतं नं?" मी दोघांवर घसरले.

"चाटू तुझ्या हातात होता," यजमान म्हणाले.

"शांते, तुयाच हातात होता वं," दादा म्हणाला. एकमत दुसऱ्यांदा.

घाटोळे उठले. "वहिनी, तुमी राजकारनात या. भाषन रंगलं, हातातलं काम जळालं, आन् दोष लगेच दुसऱ्यावर. आमाले हे शिकाले धा वर्षं लागले." एवढं बोलून त्यांनी वाटी पुढे केली.

मी त्यांना वाढलं नाही.

सुनंदा खाली आली, तिनं गंजात पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "रुखवतापाशी तू बसशील. मी नाही."

गहू दुसरा नव्हता. बाजारच्या कुरडया विहीणबाई लांबूनच ओळखतील. टाकून द्यायचा माझा स्वभाव नाही. जळका रंग झाकायला चिकात खायचा रंग मिसळायचा ठरवलं आणि मी डबीला हात घातला, तर निवडणुकीच्या दिवसांत रंगही मोकळे नसतात. केशरी काढला तर यजमान हादरले. "कामठीचे लोक काय समजतील? मी सरकारी नोकर आहे. आम्हाला पक्ष नसतो." (ही बातमी मला नवीन होती.) लाल काढला तर दादा म्हणाला, "लाल नोको. मजूर पाह्यतीन तं संपावर जातीन." निळ्याला दोघांनी आपापली वेगळी कारणं सांगितली. शेवटी गुलाबी घातला, कारण त्या वर्षी तो कोणाचाच नव्हता. तपकिरीवर गुलाबी पडून जो रंग झाला, तो नंतर मी फक्त जुन्या कचेऱ्यांच्या भिंतींवर पाहिला.

निकाल लागला. कोणीतरी आलं, कोणीतरी गेलं. घाटोळे पेढे वाटायला पहिले. माझं लक्ष लग्नाकडे होतं.

रुखवत मांडलं तेव्हा कुरडयांचं ताट मी शक्य तितकं मागे, भरतकामाच्या हत्तीच्या आड ठेवलं होतं. विहीणबाई सरळ हत्तीपाशी आल्या आणि त्यांनी हत्ती उचलला.

"ह्या कुरडया?"

"हो," मी म्हटलं.

"हा रंग?"

"आमच्याकडे करतात असा," मी म्हटलं. आमच्याकडे म्हणजे कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एक कुरडई उचलली, वास घेतला आणि आचाऱ्याकडे पाठवली. "आत्ताच्या आत्ता तळून आणा म्हणावं."

बायका गोळा झाल्या. सुनंदा मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत दारातून माझ्याकडे बघत होती. ती नजर मी अजून विसरले नाही. कुरडई तळून आली. विहीणबाईंनी तुकडा मोडला, खाल्ला. डोळे मिटले. दुसरा खाल्ला.

"चुलीवरच्या दिसतात."

"हो."

"किती खरपूस. माझ्या आईच्या अगदी अशाच लागायच्या." (त्या माउलीच्या घरीही कोणीतरी राजकारणावर बोलत असावं.) मग त्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थोरलीच्या माहेरच्या नुसत्या दिसायला पांढऱ्या. चव ही. दर वर्षी पाठवत जा बाई, अशाच."

पुढच्या वर्षी मी नीट, एकटीनं ढवळून, पांढऱ्याशुभ्र कुरडया करून पाठवल्या. सुनंदाबरोबर निरोप आला: हात बिघडला का?

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मला चीक जाळावा लागतो. आणि तो जळत नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप फिरत राहतो, कितीही ठरवलं तरी थांबत नाही. थांबतो फक्त भाषणाला. म्हणून आता निवडणूक असो नसो, वर्षातून एकदा मी आमच्या अंगणात चाटू उंच धरून देशाच्या परिस्थितीवर बोलते. यजमान व्हरांड्यातून ऐकतात, आणि जळका वास आला की टाळ्या वाजवतात, म्हणजे मला कळतं, आता खाली बसायचं.