काका, कान आणि कट-ऑफ

बॅटरी भरली की नाही हे तिला कान लावून ठरवणाऱ्या माणसाला तुम्ही अडाणी म्हणाल की तयारीचा? आम्ही तयारीचाच म्हणत होतो. विचुंब्यात आमच्या कामगार संघटनेची एक खोली आहे आणि काका तिथेच राहतात. त्यांना दुसरं घर नाही. वीटभट्टीवरच्या वस्त्यांत लाइट नसते, म्हणून सभेचा लाउडस्पीकर टेम्पोतल्या मोठ्या बॅटरीवर चालतो. ती चार्जिंगला लावणं हे काकांचं काम. तिच्या झाकणांशी कान न्यायचा, आत खदखदायला लागलं की म्हणायचं, "झाली." मी त्याच खोलीत पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. काकांच्या शब्दावर आम्ही कधी शंका घेतली नाही.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी सभा होती. पत्रकं उडू नयेत म्हणून मी सकाळीच खिडक्या लावून घेतल्या. पत्रकात भट्टीमालकाला जाब विचारला होता: कामगारांच्या जिवाची जबाबदारी कोणाची? बॅटरी आदल्या संध्याकाळपासून चार्जिंगला होती. काका दोनदा कान लावून आले, दोनदा म्हणाले, "अजून नाही." खोलीत नासक्या अंड्यांसारखा वास भरला होता. काकांनी चहासाठी स्टोव्ह पुढे ओढला आणि काडेपेटी हातात घेतली.

तेवढ्यात ताई आली. ताई आमचा टेम्पो चालवते. माहेर उरणच्या कोळ्यांचं, सासर करंजाड्याचं. वडिलांच्या होडीवरच्या बॅटऱ्या तिनेच सांभाळल्या होत्या. ती दारातच थांबली.

"काका, काडी ठेवा खाली. सगले भायेर चला."

मी चार्जरचा चिमटा ओढायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. "त्याला हात लावू नको. एक ठिणगी उडाली तरी पुरे हाय."

दार सताड उघडं टाकून आम्ही बाहेर आलो. तिने बाहेरच्या मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडला. अंगणातूनही मला बॅटरीची खदखद स्पष्ट ऐकू येत होती. काकांना येत नव्हती. "अजून नाही झाली ती," ते ताईला म्हणाले.

"खदखदते तवा ती गॅस सोडते, काका," ताई म्हणाली. "तुमी बाँबला गाल लावून बसता."

"पंचवीस वर्षं लावतोय, बाय. काय झालं?"

"बाँबला तुमची सवय झाली असंल."

दुसऱ्यांना जाब विचारणारी पत्रकं आम्ही छापत होतो आणि आमच्याच म्हाताऱ्याला स्फोटाशेजारी बसवत होतो. मला आजही त्याची लाज वाटते.

ताईने एक छोटी कट-ऑफ पेटी बनवून जोडली. बॅटरी चौदा पॉइंट चार व्होल्टला पोचली की ती करंट तोडते. पेटी बिघडलीच तर म्हणून वर एक टायमरही लावला. चार्जिंग खोलीतून पडवीत नेलं. आधी चिमटे लावायचे, मग स्विच चालू करायचा. काढताना आधी स्विच बंद.

पण मला तिचं खरं मोठेपण नंतर दिसलं. स्वतः बनवलेल्या पेटीवर तिचा विश्वास नव्हता. एक अख्खा रविवार ती व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन पडवीत बसली. पेटीने करंट वेळेआधीच तोडला, कारण ती व्होल्टेज चार्जरच्या टोकाला मोजत होती आणि तारेत थोडं खर्ची पडत असल्याने तिथे आकडा बॅटरीपेक्षा जास्त दिसत होता. ताईने मोजणीच्या तारा थेट बॅटरीच्या टोकांवर नेल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसली. 'विश्वास ठेवा' म्हणणारे पुढारी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. स्वतःचंच काम असं तपासणारी एकटी ताईच मी पाहिली.

त्या दुसऱ्या रविवारी काका उंबऱ्यावर फुगून बसले होते. "आता माझं इथे काय काम?"

ताईने मीटर त्यांच्या हातात दिला. "आकडा वाचा. डोलं चांगलं हायत ना?"

काकांनी मीटर घेतला. "कानांचं तुला कधी कळलं?"

"तुमी 'अजून नाही' म्हनालात ना, तवाच."

 काका चष्मा पुसून आकडे वाचू लागले. चौदा पॉइंट दोन. तीन. मग पेटीवरचा लाल दिवा विझला.

"तोडला," काका म्हणाले. "चौदा पॉइंट चार. लिहून घे गं."

तुमच्या मंडळात, दुकानात, सोसायटीत असा आपोआप बंद होणारा चार्जर असेल, तर या रविवारी त्याच्यापाशी मीटर घेऊन बसा आणि तो खरंच बंद होतो का ते पाहा. जो माणूस रोज तो चार्जर लावतो, त्यालाच आकडे वाचायला सांगा.