तांबेऱ्याचं पहिलं पान

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी नाही. दर सालाला पोखर्णीच्या नरसिंहापुढं हात जोडायचो अन् नेमकं हेच गिळून परत यायचो. उर्दू शाळेत दोन यत्ता झालेला माणूस मी, मराठी अक्षर मागून गिरवलं. वाकडं निघालं तर निघू द्या. मजकूर त्याहून वाकडा हाय.

रझाकाराच्या धामधुमीत गाव रानात पळालं, मी घर सोडलं नाही — हे नातवंडांना शंभरदा सांगून झालं. ही दुसरी गोष्ट त्यानंतर पाच-सहा सालांची. ही एकदाही नाही.

त्या साली गावात पहिल्यांदा ग्रामसेवक आला. पायात बूट, खांद्याला पिशवी. चावडीवर म्हणाला, तुमच्या बन्सी गव्हाला तांबेरा लवकर धरतो, हे नवं बी पेरा. मला राग आला. माझ्या बापानं राखलेल्या बियाला नावं ठेवणारा हा कोण? चारचौघांत सांगितलं, माती खाईन पण तुझं बी पेरणार नाही. तो चिडला नाही. म्हणाला, बरं, पण पानावर गेरूसारखी पहिली पुटकुळी दिसंल त्या दिवशी मला कळवा. तेवढा तुकडा उपटू, भोवती गंधकाची भुकटी मारू. हा रोग वाऱ्यानं उडतो, शेजाऱ्यांचा गहू तरी वाचंल.

पौषात आभाळ आलं. कौसावैनी — माझ्या थोरल्या भावाची बायको, भाऊ तापानं गेलेला — रानात आमच्या घरात सगळ्यात जास्त राबायची ती. एका सकाळी पदरात एक पान घेऊन आली. बोट फिरवलं तर बोट तांबडं.

"भावजी, हे त्या सायबाला दाखवा. आजच."

मी पान चुरगाळून पाटाच्या पाण्यात टाकलं. तिला म्हणालो, गप बस. का? बुटवाल्यापुढं मान खाली घालायची नव्हती. बस. एवढ्यासाठी.

पुढचे आठ दिवस पहाटं एकटा जायचो, धुऱ्याकडची, शेजाऱ्याच्या बांधालगतची तांबडी पानं खुडायचो, धोतराच्या ओच्यात घालून खालच्या लवणात, ओढ्याच्या खोलगटीत झटकायचो. म्हणजे रोग मीच हातानं पेरत होतो की नाही? धोतर तांबडं व्हायचं. जन्मात कधी फडकं न धुतलेला मी, ते धोतर मीच धुवायचो. ग्रामसेवकानं विचारलं तर — गहू लखलखीत हाय म्हणायचो.

मग वारं सुटलं. पंधरा दिवसांत सगळं शिवार गंजल्यावानी झालं. दाणा भरायच्या आधी पानं करपली. शेजारी माझ्या धुऱ्यावर जमले. एकजण म्हणाला, "काय पाटील, तुमच्याच मांडवातून हळद लागली म्हनायची सगळ्यांच्या गव्हाला." कुणी हसलं नाही. ग्रामसेवकानं विचारलं, पहिल्यांदा कधी दिसलं? सगळे माझ्याकडं बघायले.

अन् मी — आता लिहितोच — मी म्हणालो, "आमची वैनी विटाळाची असताना पिकात गेली."

आमच्याकडं तसं मानत. बाहेर बसलेल्या बाईचा पाय पिकाला लागला की तांबेरा येतो. ती ते चार दिवस गोठ्यातून हलली नव्हती. मला ठाऊक होतं. माझीच बायको तिला तिथं भाकर नेऊन द्यायची.

वैनी तिथंच उभी होती, डोक्यावर भाकरीची पाटी. एवढ्या बाप्यांत ती कधी बोलत नसे. बोलली.

"भावजी, पान मीच आणून दिलं न्हाई का तुमाला?"

"खोटं बोलायली," मी म्हणालो.

ग्रामसेवक सांगत राहिला, हा रोग हाय, बाईचा काय संबंध. कोण ऐकतो? त्या दिवसापासून वैनीला रान बंद. धुऱ्यावरच्या दगडावर पाटी ठेवायची अन् मागं फिरायचं. खळ्यावर नाही, राशीला नाही.

किळस यावी असं अजून पुढंच हाय. दुसऱ्या साली ग्रामसेवकाची बदली झाल्यावर तेच नवं बी मी सोयऱ्याकडून गुपचूप आणलं. गहू निरोगी आला. गाव म्हणालं, बघा, बाई रानाबाहेर ठेवली तर तांबेरा नाही आला. मी मान डोलावली. मग बाकीच्या घरांनीही आपापल्या बाया धुऱ्यावर थांबवल्या. माझा दाखला देऊन.

त्या गव्हाच्या पोळ्या वैनीच लाटायची. मी चवीनं खायचो, वर अजून एक मागायचो.

तीस वर्षं ती त्या दगडापुढं गेली नाही. भांडली नाही, पुन्हा विचारलं नाही. आता ती नाही. दगड हाय.

पान तिनं आणून दिलं होतं. मी बघितलं होतं.