तिकीट दाखवा, पैसे घ्या

फुटबॉलच्या रेफरीकडे पैसा कधी साठत नाही, किस्से मात्र साठतात. पैसा मॅच संपल्यावर टपरीवरच्या चहात जातो. किस्सा तिथंच बसून राहतो आणि पुढच्या रविवारी थोडा आणखी फुगून येतो. मी नागपुरात बारा वर्षं लाईनमन होतो. हातात झेंडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि फी दोन रुपये. मधे पळणाऱ्या रेफरीला पाच. हे सत्तर सालानंतरचे भाव. त्यातले दहा टक्के आमची रेफरी असोसिएशन कापून घ्यायची.

असोसिएशन म्हणजे बोकारे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे आणि आमचे खजिनदार होते. त्यांचा एकच नियम होता, "तिकीट दाखवा, पैसे घ्या." प्रवासखर्च हवा असेल तर प्रवासाचं तिकीट टेबलावर पडलं पाहिजे. रेफरीच्या शब्दावर मैदानात बावीस लोकांना विश्वास ठेवावा लागतो. मास्तर तेविसावे नव्हते!

आमच्यात दोन नग होते. एक वासू राऊत, शहराबाहेर वाडीला खोली घेऊन राहायचा, जिभेला हाड नाही. दुसरा नामदेव मेश्राम, गिरणीत मागावर होता. बोलायचा कमी, पण त्याची शिट्टी वाजली की बैलसुद्धा थांबेल. मेश्रामला नॅशनल रेफरी व्हायचं होतं. परीक्षा कलकत्त्याला. पस्तिशीनंतर बसू देत नसत आणि मेश्रामचं चौतिसावं संपत आलं होतं. जायचं स्वतःच्या खर्चानं. तो फीचे पैसे एका डब्यात टाकायचा. डबा भरत आला की घरात कोणीतरी आजारी पडायचं. दोनदा असं झालं. आम्ही त्याला चिडवायचो, "नामदेव, तुझ्या घरच्या तापाले डबा भरला की कळते गा!" तो हसायचा. आता आठवलं की वाटतं, हे चिडवायला नको होतं.

*

आमच्यातली रीत अशी की फी शिट्टीच्या आधी घ्यायची. मॅच संपली की आयोजक सापडत नाहीत आणि हरलेले असले तर सापडू नयेत अशी आपलीच इच्छा असते. मेश्राम नोट घडी करून डाव्या मोज्यात ठेवायचा. राऊतनं एकदाच उधारी केली. हुडकेश्वर तेव्हा निव्वळ खेडं होतं. तिकडची मॅच संपली तेव्हा आयोजकांनी हात जोडले आणि फीच्या बदल्यात एक भलंमोठं कोहळं त्याच्या सायकलच्या कॅरिअरला बांधून दिलं.

राऊत ते घेऊन सरळ मास्तरांच्या घरी. "मास्तर, फी भेटली. लिवा."

मास्तरांनी चष्मा वर केला, कोहळ्याला एक प्रदक्षिणा घातली आणि आत आवाज दिला, "अवं, विळी आण वं!"

दहा टक्के कापून घेतलं. त्या दिवशी मास्तरांकडे कोहळ्याची भाजी होती!

*

वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं. राऊत कुठल्याही ट्रकवर चढून फुकटात शहरात यायचा. बिल मात्र बसचं लावायचा. तिकिटं स्टँडवर खाली पडलेली असायचीच, वाकायचे तेवढे कष्ट. एकदा मास्तरांनी तिकीट उजेडात धरलं.

"राऊत, तुझं वय किती गा?"

"अठ्ठावीस. काहून?"

"हे हाफ तिकीट आहे."

राऊतनं तिकिटाकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, गर्दी लय होती. अंग चोरून बसलो होतो."

मास्तरांनी हाफ तिकिटाचे पैसे दिले आणि बजावलं, "पुढच्या वेळेस ताठ बसत जा."

*

माझाही एक किस्सा आहे. एका गावात मी शेवटच्या मिनिटाला ऑफसाईडची झेंडी वर केली. गोल गेला, कप गेला आणि गाव माझ्यामागं आलं. हातात काठ्या होत्या. मी झेंडीसकट शेतं तुडवत जी धाव घेतली ती डांबरी सडक लागेपर्यंत. पुढे एका बैलगाडीवाल्याला दया आली. दोन दिवसांनी मी प्रामाणिकपणे बिल भरलं: 'जाताना एस.टी., तिकीट सोबत. येताना धावत.' वाटलं, माणूस विरघळेल, चार आणे जास्त देईल.

बिल परत आलं. खाली लाल शाईत शेरा होता, 'धावण्याचे पैसे फीमध्ये धरलेले आहेत.'

*

आता कामठीचा ऐका. कामठीला मॅच असली की आम्ही रेल्वेनं जायचो. आणि रेल्वेत मोठी पंचाईत. स्टेशनाबाहेर पडताना तिकीट बाबू तिकीट काढून घेतो! मग मास्तरांना दाखवायचं काय? आम्ही हे त्यांना समजावून थकलो. मास्तर म्हणायचे, "तो त्याचा नियम, हा माझा."

शेवटी राऊतनं उपाय काढला. खिशात चांगलं पैसे मोजून घेतलेलं तिकीट, आणि हा पठ्ठ्या फाटक सोडून भिंतीवर चढला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे असताना पोलिसानं पाय धरला.

"बिना टिकट?"

"टिकट है ना साहब!" राऊतनं भिंतीवरूनच तिकीट दाखवलं.

पोलिसानं ते उलटसुलट पाहिलं. तारीख बरोबर, स्टेशन बरोबर. "तो दीवार काहे को कूद रहा है?"

"हिसाब में लगता है!"

पोलिसानं त्याला स्टेशन मास्तरकडे नेलं. तिथं तासभर खल झाला. तिकीट काढून भिंतीवरून उडी मारणाऱ्याला कोणतं कलम लावायचं, ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं. राऊत सुटला, पण तिकीट फाटकावर जमा झालं. मॅच मी आणि मेश्रामनं दोघांनीच काढली. मास्तरांनी राऊतचा प्रवासखर्च नामंजूर केला.

*

त्या वर्षी मेश्रामचा डबा तिसऱ्यांदा रिकामा झाला. परीक्षेला महिना उरला होता. अशात एका गावच्या टुर्नामेंटची फायनल आली. रेफरी मेश्राम, लाईनमन मी आणि, माणूस कमी पडला म्हणून, दुसरे लाईनमन खुद्द बोकारे मास्तर. यजमान टीम एका धान्याच्या अडत्याची होती. पांढरं धोतर, बोटात अंगठ्या, सगळं गाव त्याला शेठजी म्हणायचं. मॅचच्या आधी शेठजी मेश्रामजवळ आले आणि शंभराची नोट त्याच्या हातात ठेवली.

"लेकरं आहेत आपली. जरा सांभाळून घ्या."

शंभराची नोट! कलकत्त्याला जाऊन-येऊन वर जेवण झालं असतं. मी मेश्रामच्या तोंडाकडं पाहात राहिलो. खोटं कशाला सांगू, ती नोट त्यानं मोज्यात घालावी असं मला वाटलं होतं.

मेश्राम म्हणाला, "शेठजी, माही फी पाच रुपये. सुट्टे द्या."

"राहू द्या हो. सुट्टे कोण मागते?"

"मी मागून राहिलो ना जी. सुट्टे आल्याबिगर शिट्टी वाजत नाही."

दोन्ही टीम मैदानात उभ्या. लोक ओरडायला लागले. शेठजी इकडेतिकडे बघायला लागले. लाऊडस्पीकरवरच्या भोळ्या माणसाला वाटलं, आपण मदत करावी. त्यानं माईक तोंडाशी धरला.

"लक्ष द्या, लक्ष द्या! रेफरी साहेबाची फी हाये पाच रुपये. आपल्या शेठजीनं त्याईले शंभराची नोट देल्ली. कोणापाशी सुट्टे असन तर टेबलापाशी आणून द्यावे!"

पहिल्यांदा लोकांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर मागून कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा सगळं मैदान हसत होतं. एक शेंगदाणेवाला चिल्लरची थैली घेऊन धावत आला तेव्हा शेठजींनी कनवटीची पाचाची नोट काढली, शंभराची हिसकावून घेतली आणि ते घरी गेले. त्यांची टीम दोन गोलांनी हरली.

परतीच्या बसमध्ये मी मेश्रामला म्हणालो, "नामदेव, कलकत्त्याचं तिकीट हातात होतं गा तुझ्या."

"हाव ना," तो म्हणाला, "म्हणून तर लगेच सुट्टे मागितले."

पुढच्या सीटवर बोकारे मास्तर बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

*

आठ दिवसांनी मास्तरांनी मेश्रामला बोलावून हावड्याचं तिकीट हातात ठेवलं. परतीचे पैसे पाकिटात वेगळे. म्हणाले, "सभेत मंजूर झालं." मी कमिटीवर होतो. त्या सभेची नोटीस मला आजतागायत मिळालेली नाही.

मेश्रामनं तिकीट दोन्ही हातांनी धरलं. डोळे भरून आले. तेवढ्यात मास्तरांनी बोट वर केलं. "आणि हे पाहा नामदेव, नियम तो नियम. आल्यावर दोन्ही तिकिटं मले टेबलावर पाहिजेत. नाही तर सगळे वसूल करीन."

परीक्षेचा निकाल तिथल्या तिथं लागायचा. पास झालेल्याला छातीवर लावायचा बिल्ला मिळे. मेश्राम परतणार त्या सकाळी मी, राऊत आणि बोकारे मास्तर नागपूर स्टेशनच्या फाटकाबाहेर उभे होतो. मास्तर म्हणत होते, शाळेत जाता जाता सहज थांबलो. त्या दिवशी रविवार होता.

गाडी आली. माणसं बाहेर पडली, हमाल बाहेर पडले, टांगे भरून निघून गेले. मेश्राम नाही. मास्तरांचा चेहरा उतरला. "नापास झाला असन. तोंड दाखवाले लाजून राहिला असन बिचारा."

इतक्यात राऊतनं माझा दंड धरला. मालधक्क्याकडच्या भिंतीवर आधी एक पिशवी दिसली. मग दोन हात. मग मेश्राम. त्यानं बाहेर उडी टाकली. गुडघ्यावर पँट फाटली होती, छातीवर नवाकोरा बिल्ला होता आणि दातात तिकीट होतं.

तो लंगडत आला आणि तिकीट मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर बिल्ल्याकडे बघत राहिले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा पुसला. मग तिकीट उलटून पाहिलं.

"हे यायचं झालं. जायचं कुठं आहे गा?"

मेश्रामनं मान खाली घातली.

"मास्तर," तो म्हणाला, "हावड्याची भिंत लय उंच आहे जी."