खिडकीजवळची

“खिडकीजवळची, बाहेर काय बघतेस? इकडे फळ्यावर बघ!”

मी पहिल्यांदा शेजारच्या बाईंच्या दारात उभी राहिले तेव्हा हे ऐकलं आणि लॅपटॉपकडे पाहिलं. पडदा पूर्ण काळा. त्यातून ओशाळलेला आवाज आला, “बाई, बाहेर बकरी आलीय.”

“मग तिलाही आत बसव. पटावर एक वाढेल.”

समोर कोणीच दिसत नसताना अख्खा वर्ग धाकात ठेवणारी माणसं जगात फार नसावीत. त्यातल्या एक कोपर स्टेशनजवळ आमच्या शेजारी राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. निवृत्तीनंतर त्या शीळफाट्यापलीकडच्या एका निरीक्षणगृहात, कोर्टात केस चालू असलेल्या मुलींना ऑनलाइन मराठी शिकवतात. मुलींचे चेहरे आणि नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत, म्हणून तिकडचा कॅमेरा कायम बंद. मग बाईंनी कोण कुठे बसते ते विचारून घेतलं आणि एका पुठ्ठ्यावर चिंचोके मांडले. दाराजवळची, पंख्याखालची, खिडकीजवळची. हाकाही त्याच. तासाला त्या स्वतःच्याच हॉलमध्ये कडक इस्त्रीची साडी नेसून, चपला घालून उभ्या राहतात (“वर्गात अनवाणी कोण जातं गं?”) आणि तास संपला की वाटीवर चमचा वाजवून घंटा देतात. माझं काम माइक चालू-बंद करण्याचं. मी इंग्लिश मीडियमची, जोडाक्षराला अडखळणारी. त्या वर्गात मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

खिडकीजवळचीने ‘माझी खिडकी’ हा निबंध सोमवारी वाचून दाखवायचं कबूल केलं होतं. सोमवारी तिकडच्या मॅडम म्हणाल्या, “ती घरी गेली. जामीन झाला.”

“उत्तम झालं,” बाई म्हणाल्या. चिंचोका मात्र उचलला नाही.

तेव्हापासून बाजारात कोथिंबीर घेणाऱ्या मुलींच्या मागे त्या उगाच घुटमळतात. मी नुसतं बघितलं, तर म्हणाल्या, “चेहरा कुठे पाहिलाय तिचा? आवाज ओळखेन. परत तिथे येऊ नये गं तिने. पण निबंध राहिला.”

काल हजेरी चालू होती. दाराजवळची झाली, पंख्याखालची झाली. “खिडकीजवळची?” बाईंचं बोट चिंचोक्यावर थांबलं. बाई पुढची हाक देईनात.

मी माइकच्या बटणावरचा हात काढला.

“बाई,” मी म्हणाले, “खिडकीजवळ मी बसू?”